पोलाद किती जाड हवं?

वॉशिंग्टनच्या नेव्ही यार्डात पोलादाची एक प्लेट उघड्यावर उभी करून ठेवली आहे. जाडी ६६० मिलिमीटर, म्हणजे दोन फुटांहून जास्त. यामातो आणि मुसाशी या जगातल्या सर्वांत मोठ्या युद्धनौका जपानने बांधल्या, त्यांच्याच जोडीची तिसरी शिनानो. तिच्या तोफांच्या बुरुजाचा दर्शनी भाग म्हणून ही प्लेट घडवली होती. पुढे बेत बदलला, शिनानो विमानवाहू जहाज म्हणून पुरी झाली आणि प्लेट किनाऱ्यावरच राहिली. युद्ध संपल्यावर अमेरिकेने ती उचलून नेली आणि १९४६ साली १६ इंची तोफेने तिच्यावर गोळा झाडून बघितला. गोळा आरपार गेला. फोटोत ते भोक स्वच्छ दिसतं, आणि भोकाभोवतीचं पोलाद खपल्या निघाल्यासारखं उडालेलं दिसतं.

जड चिलखताच्या जहाजांचा विषय निघाला की कुणीतरी हा फोटो पुढे करतं. बघा, दोन फूट पोलादही टिकलं नाही, संपला प्रश्न. मला मात्र हा फोटो नेमकी उलटी गोष्ट सांगतो असं वाटतं. त्या चाचणीत गोळा जवळून आणि जवळपास काटकोनात मारला होता. जहाजावर हीच प्लेट मागे तिरकी बसवलेली असायची आणि गोळा मैलोन्मैल लांबून, वेग गमावून यायचा. तशा लढाईत ती फुटली असती असं मला वाटत नाही. यामातो ७ एप्रिल १९४५ला बुडाली तेव्हा तिच्या बुरुजांवर शत्रूच्या तोफेचा एकही गोळा आला नव्हता. शेकडो विमानं आली, त्यांनी बहुतेक पाणतीर, म्हणजे टॉर्पेडो, तिच्या डाव्या कुशीत मारले, जहाज कलंडलं आणि दारूगोळ्याच्या कोठाराचा स्फोट झाला. तीन हजारांवर माणसं गेली. ज्या कामासाठी ते पोलाद घडवलं होतं, ते काम करायची वेळच त्याच्यावर आली नाही.

मला या जहाजांचं वेड आहे, हे आधीच सांगून टाकते. त्यांचे आडवे छेद, म्हणजे जहाज मधोमध कापलं तर आत काय दिसेल ते दाखवणारे आराखडे, मी तासन् तास बघत बसू शकते. त्यात काळ्या जाड रेघेने चिलखत दाखवलेलं असतं. ती रेघ कुठे जाड होते, कुठे अचानक तुटते, यावरून बांधणाऱ्याच्या मनात कसली भीती होती ते कळतं. आजच्या नौदलात अशा जहाजांना पुन्हा जागा आहे का, हा प्रश्न मी त्या आराखड्यांकडे बघत खूपदा मनात घोळवला आहे. माझं उत्तर नाही असं आहे. पण ‘क्षेपणास्त्रापुढे चिलखताचा काय पाड लागणार’ हे जे कारण सर्रास दिलं जातं, ते मला पटत नाही.

मुळात ती काळी रेघ कधीच अख्ख्या जहाजाभोवती नव्हती. ब्रिटनच्या १८६०च्या ‘वॉरियर’वर साडेचार इंच घडीव लोखंड होतं आणि त्याच्या मागे अठरा इंच सागवान. तेही फक्त मधल्या भागाला. पुढचं आणि मागचं टोक उघडंच. अमेरिकेच्या यादवी युद्धात, मार्च १८६२मध्ये, हॅम्प्टन रोड्सला ‘व्हर्जिनिया’ या लोखंडी चिलखताच्या जहाजाने एका दिवसात दोन लाकडी जहाजं संपवली आणि दुसऱ्या दिवशी तशाच चिलखती ‘मॉनिटर’शी तिची गाठ पडली, तेव्हा तासन् तास गोळे झाडूनही दोघींपैकी कुणी बुडेना. त्यानंतर ऐंशी वर्षं तोफ आणि पोलाद यांची चढाओढ चालली. लोखंडाच्या जागी पोलाद आलं, मग क्रुप पद्धतीचं पोलाद. निकेल-क्रोमच्या प्लेटचा दर्शनी भाग कित्येक दिवस कार्बनमध्ये तापवून काचेसारखा कठीण करायचा आणि मागची बाजू चिवट ठेवायची. पुढच्या कठीण थराने गोळ्याचं टोक फोडायचं, मागच्या चिवट थराने धक्का पोटात घ्यायचा. अमेरिकेच्या ‘नेव्हाडा’पासून हा विचार टोकाला गेला. जे वाचवायचंच आहे, म्हणजे इंजिनं, दारूगोळा आणि तोफा, त्यांच्याभोवती जमेल तेवढं जाड पोलाद, आणि बाकी जहाजाला काहीच नाही. अर्धं जहाज चाळण झालं तरी मधली पेटी तरंगत राहील असा हिशोब.

धाडसी हिशोब होता तो. टोकांना भोकं पडणार हे त्या लोकांनी आधीच मान्य करून टाकलं होतं.

पण पेटी नुसती जाड असून भागत नाही. ३१ मे १९१६ला जटलंडच्या लढाईत ब्रिटनच्या ‘इनडिफॅटिगेबल’, ‘क्वीन मेरी’ आणि ‘इन्व्हिन्सिबल’ या तीन मोठ्या नौका स्फोट होऊन गेल्या. तीन हजारांहून जास्त माणसं मेली, वाचली ती मोजकी. चिलखत पातळ होतं हे खरंच. पण त्याहून घातक ठरली ती तोफा भराभर डागायची घाई. कोठार आणि बुरूज यांच्यामधली आग अडवणारी दारं उघडी ठेवली जात होती, दारूच्या पिशव्या वाटेत रचून ठेवल्या जात होत्या. बुरुजात लागलेली आग थेट कोठारात पोचली. जर्मनांच्या ‘झायडलिट्झ’ने हाच धडा वर्षभर आधी डॉगर बँकला घेतला होता. तिथे तिचे मागचे दोन बुरूज जळाले, आणि त्यानंतर दारू हाताळायची रीतच त्यांनी बदलली. जटलंडला ती मरणाचा मार खाऊन, पोटात पाच हजार टनांहून जास्त पाणी घेऊन घरी परतली. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की मला पोलादाच्या जाडीबद्दल बोलायचा उत्साह उरत नाही. दार बंद होतं की उघडं, हेच विचारावंसं वाटतं.

पुढचा इतिहास सगळ्यांना माहीत आहे, म्हणून भरभर सांगते. १० डिसेंबर १९४१ला ब्रिटनच्या ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ आणि ‘रिपल्स’ भर समुद्रात जपानी विमानांनी बुडवल्या. ९ सप्टेंबर १९४३ला इटलीची ‘रोमा’ जर्मनांच्या फ्रिट्झ-एक्स या रेडिओने वळवता येणाऱ्या बॉम्बने गेली. मार्गदर्शित अस्त्राने युद्धनौका बुडवल्याचं ते पहिलं मोठं उदाहरण. २१ ऑक्टोबर १९६७ला इस्रायलची ‘एलात’ छोट्या बोटींवरून सोडलेल्या स्टिक्स क्षेपणास्त्रांनी बुडाली, आणि १९७१च्या डिसेंबरात कराचीसमोर भारतीय नौदलाने तीच क्षेपणास्त्रं वापरून तोच धडा पुन्हा गिरवून दाखवला.

आता चिलखताच्या चाहत्यांचा मुद्दा घेते, कारण त्यात दम आहे. अमेरिकेच्या ‘आयोवा’ वर्गाच्या युद्धनौकांचा चिलखतभेदी गोळा १,२२५ किलोचा असे आणि त्यात स्फोटक जेमतेम अठरा किलो. बाकी सगळं घट्ट पोलाद, कारण त्याला आधी भिंत फोडायची असते. एक्सोसेट या जहाजभेदी क्षेपणास्त्राचं स्फोटक टोक साधारण १६५ किलोचं, आणि ते बनवलंय पातळ पत्र्याच्या जहाजासाठी. आजच्या फ्रिगेटची भिंत सेंटिमीटरच्या आसपास असते, त्यामुळे ते सहज आत शिरतं आणि आग लावतं. ‘आयोवा’च्या कुशीवरच्या ३०७ मिलिमीटर जाड चिलखती पट्ट्यावर ते आदळलं असतं तर रंग जळाला असता, आसपासचं सामान उडालं असतं, आणि जहाज पुढे गेलं असतं. हे खरं आहे. चिलखत क्षेपणास्त्रापुढे कागद ठरतं असं म्हणणाऱ्यांनी हे आकडे बघायला हवेत. अर्थात अशी जहाजं पुन्हा समुद्रात आली तर त्यांच्यासाठी वेगळी टोकं बनतील. पोकळ आकाराचा स्फोटक भार, जो रणगाडे फोडायला वापरतात, तो स्वतःच्या व्यासाच्या कितीतरी पट पोलाद भेदतो. ते तंत्र जुनं आहे, शोध लावायला नको.

तरीही माझं उत्तर नाहीच आहे. त्यामागे दोन गोष्टी आहेत, आणि दोन्हींचा या पट्ट्याशी संबंध नाही.

पहिली गोष्ट पाण्याखालची. २ मे १९८२ला अर्जेंटिनाची ‘जनरल बेलग्रानो’ बुडाली. फॉकलंडच्या लढाईतली ही खरी चिलखती क्रूझर, १९३८ साली पाण्यात उतरलेली. ‘फीनिक्स’ या आधीच्या नावाने ती पर्ल हार्बरच्या हल्ल्यातून धडधाकट बाहेर पडली होती. ब्रिटनच्या ‘कॉन्करर’ या अणुपाणबुडीने तिच्यावर कुठलं आधुनिक अस्त्र टाकलं नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी आखलेले जुन्या पठडीतले पाणतीर सोडले. दोन लागले. एकाने पुढचं टोक उडालं, जिथे पट्टा नव्हता. दुसरा मागे यंत्रांच्या भागात फुटला, वीज गेली, पंप बंद पडले. ३२३ माणसं गेली. आणि हे जुने पाणतीर निदान कुशीत येऊन आदळणारे. आजचा जड पाणतीर जहाजाला शिवतही नाही. तो बरोबर तळाखाली फुटतो. स्फोटाचा वायूचा प्रचंड बुडबुडा जहाजाचा मधला भाग वर उचलतो, दोन्ही टोकं अधांतरी राहतात. मग बुडबुडा मिटतो आणि मधलाच भाग खाली ओढला जातो. कणा मोडतो. जून १९९९मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ‘फार्नकॉम्ब’ पाणबुडीने ‘टॉरेन्स’ या निवृत्त जहाजावर असा एकच पाणतीर चालवून बघितला आणि जहाजाचे दोन तुकडे झाले. अशा घावाला कुशीवरचं चिलखत काय करणार? वर चढवलेलं शेकडो टन पोलाद तर उलट त्या मोडणाऱ्या कण्यावरचं ओझं.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण ती चिलखताच्या ऐन भरात घडली. १४ नोव्हेंबर १९४२च्या रात्री ग्वादलकनालजवळ अमेरिकेची ‘साउथ डकोटा’ जपानी जहाजांच्या समोर आली. ऐन वेळी तिची वीज गेली आणि ती आंधळी झाली. वीज परत आली तोवर जपानी शोधझोत तिच्यावर पडले होते. पंचवीसच्या वर गोळे लागले. पट्टा शाबूत होता, कोठारं शाबूत होती, इंजिनं शाबूत होती. ती कुठल्याही क्षणी बुडणार नव्हती. पण वरच्या मनोऱ्यांवरची रडारं, नेम धरायची यंत्रं, संदेशाच्या तारा, हे सगळं उद्ध्वस्त झालं. एवढी बलाढ्य नौका लढाई सोडून निघून गेली. त्या रात्री ‘किरिशिमा’ बुडवली ती सोबतच्या ‘वॉशिंग्टन’ने, जिचं रडार चालू होतं.

हे १९४२चं. तेव्हा रडार ही नवलाची गोष्ट होती आणि ते गेलं तरी तोफखान्याचा अधिकारी डोळ्याने नेम धरू शकत होता. आजच्या विनाशिकेचं सगळं सामर्थ्य त्या मनोऱ्यावरच्या सपाट रडारफलकांत आहे. त्यांनी बघितलं तर क्षेपणास्त्र सुटणार, नाहीतर नाही. आणि रडारफलकावर पोलाद चढवता येत नाही, कारण रेडिओलहरी पोलादातून जात नाहीत. म्हणजे जहाजाचा सर्वांत मोलाचा अवयव नेमका तोच, ज्याला झाकणं अशक्य. बाकीच्या शरीरावर एक फूट पोलाद घालून आपण काय राखलं? एक तरंगणारं, आंधळं जहाज.

आता वजनाचा हिशोब. पोलादाचं एक घनमीटर ७.८५ टनांच्या आसपास भरतं. ‘आयोवा’च्या पट्ट्याएवढी जाड प्लेट घेतली तर एका चौरस मीटरला २.४ टन होतात. नऊ हजार टनांची आजची विनाशिका घ्या आणि जुन्या रीतीने फक्त तिचा मधला शंभर मीटरचा भाग झाका. दोन्ही बाजूंना पाच मीटर उंचीचा पट्टा धरला तर चोवीसशे टन. वरून येणाऱ्या अस्त्रासाठी अठरा मीटर रुंदीच्या डेकवर १५० मिलिमीटर घातले तर आणखी एकवीसशे. पुढच्या-मागच्या आडव्या भिंती धरल्याच नाहीत, तरी जहाजाच्या निम्मं वजन झालं. त्यातलं बरंचसं पाण्याच्या वर, म्हणजे जहाज कलंडू नये म्हणून ते रुंद करा. रुंद केलं की इंजिन वाढवा, इंजिन वाढलं की इंधन वाढवा, इंधनासाठी लांबी वाढवा, आणि वाढलेल्या लांबीला पुन्हा पट्टा घाला. मारुतीच्या शेपटासारखं हे वाढतच जातं. तेवढ्या वजनात क्षेपणास्त्रं पाडणारी क्षेपणास्त्रं ठेवली तर जहाज जास्त दिवस जगेल, हा नौदलांचा निर्णय मला बरोबर वाटतो.

याच निर्णयाच्या पोटात एक चूक मात्र शिरली. आपल्यावर घाव बसूच द्यायचा नाही, या विचारातून हळूहळू आपल्यावर घाव बसणारच नाही असा समज झाला. १९७५च्या नोव्हेंबरात अमेरिकेची ‘बेलनॅप’ स्वतःच्याच ताफ्यातल्या ‘जॉन एफ. केनेडी’ या विमानवाहू जहाजाला धडकली. आग लागली आणि तिचं ॲल्युमिनियमचं वरचं बांधकाम वितळून खाली बसलं. शत्रू नव्हताच तिथे. त्यानंतर ‘आर्ली बर्क’ वर्गाच्या विनाशिकांचं वरचं बांधकाम पुन्हा पोलादाचं झालं, मोक्याच्या जागी केव्हलार या चिवट कृत्रिम धाग्याचे थर आले. रशियाची ‘मॉस्कवा’ एप्रिल २०२२मध्ये युक्रेनच्या दोन नेपच्यून क्षेपणास्त्रांच्या माऱ्यानंतर आग आणि पाणी दोन्हींनी गेली. दहा हजार टनांच्या वरचं जहाज, आणि दोन्ही कुशींवर, डेकवर उघड्या, अवजड क्षेपणास्त्रांच्या नळ्या.

म्हणून मला वाटतं, चर्चा चुकीच्या जाडीची चालते. तीनशे मिलिमीटर हवेत का, याचं उत्तर सोपं आहे. पंचवीस किंवा पन्नास मिलिमीटर कुठे हवेत, हा आजचा प्रश्न आहे. काळ्या समुद्रात फेब्रुवारी आणि मार्च २०२४मध्ये युक्रेनने ‘इव्हानोवेत्स’, ‘त्सेझार कुनिकोव्ह’ आणि ‘सर्गेई कोतोव्ह’ ही जहाजं मानवरहित बोटींनी बुडवली. हवेतून येणारी स्वस्त ड्रोन तर आता ढिगाने असतात, आणि त्यांचं स्फोटक काही किलोंपासून काही दहा किलोंपर्यंत. एवढ्याशा घावात खरा विध्वंस करतात ते स्फोटाचे तुकडे. ते वायरी कापतात, पाण्याचे नळ फोडतात, माणसं मारतात. त्यांना अडवायला एक फूट पोलाद लागत नाही. कोठाराभोवती, युद्धसंचालन कक्षाभोवती, विजेच्या मुख्य वाहिन्यांभोवती थोडं पोलाद किंवा केव्हलार पुरतं, आणि त्या वाहिन्या दोन, एकमेकींपासून लांब, जहाजाच्या वेगवेगळ्या बाजूंनी नेलेल्या हव्यात. हे वजन कुठल्याही विनाशिकेला पेलतं. ते जास्त मागून घ्यायला हवं, असं माझं ठाम मत आहे. मानवरहित बोट पाणरेषेवर येऊन फुटते तिथे मात्र हेही अपुरं. तिथे कप्पे लागतात, पंप लागतात.

आणि माणसं लागतात. १४ एप्रिल १९८८ला पर्शियन आखातात ‘सॅम्युअल बी. रॉबर्ट्स’ ही फ्रिगेट सुरुंगावर गेली. कुशीत साडेचार मीटरचं भोक, कणा मोडलेला, इंजिनाची खोली पाण्याने भरलेली, आणि एकीकडे आग. डेकच्या वरच्या बांधकामाला तडा गेला होता आणि लाटेबरोबर तो उघडमीट करत होता. खलाशांनी पोलादी दोर आणून ती तड अक्षरशः आवळून बांधली. बाकीचे फुटलेल्या भिंतींना लाकडाचे टेकू देत होते, कोंदत होते, आग विझवत होते. काही तासांनी जहाज सावरलं. भाजले, जखमी झाले, पण एकही माणूस मेला नाही. चिलखत म्हणावं असं त्या जहाजावर फारसं काही नव्हतं. एक मोठं अवजड वाहक जहाज तिला उचलून घरी घेऊन गेलं, तिच्यात इंजिनाचा नवा भाग बसवला आणि ती २०१५पर्यंत सेवेत राहिली.

तिच्यावर दोनशेच्या आसपास खलाशी होते. त्यानंतरच्या काळात जहाजं माणसं कमी करत गेली, कारण वर्षानुवर्षांच्या खर्चात पगार सर्वांत जड जातो आणि यंत्रं बरीच कामं आपण होऊन करतात. अमेरिकेच्या किनारी लढाऊ जहाजांची मूळ आखणी चाळीस माणसांच्या कायम ताफ्यावर झाली होती. कामं आवरेनात म्हणून ती संख्या वाढवावी लागली. नव्या जहाजाचा आराखडा समोर आला की मी अजूनही आधी ती काळी रेघ शोधते, आणि ती पातळ असली तर मला आता चिंता वाटत नाही. मग मी खलाशांचा आकडा बघते. त्यातले किती जण एका वेळी झोपलेले असतील, किती रडारसमोर अडकलेले असतील आणि मध्यरात्री अंधारात दोर ओढायला, टेकू धरायला, पाइप सांभाळायला किती उरतील, याची वजाबाकी करते. अलीकडच्या बऱ्याच आराखड्यांत अशी माणसं फार थोडी उरतात.